जिऱ्याएवढ्या शंखांच्या चिठ्ठ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राबरोबर गेली वीस वर्षं रोज सकाळी टेकडीवर जातो त्यालाही नाही. वेळ आली नाही असं नाही—पुष्कळदा आली, मीच विषय बदलला. विषय बदलणं मला चांगलं जमतं. आताही बघा, सरळ सांगायचं सोडून मी आधी तुम्हाला गोगलगायींबद्दल सांगणार आहे. पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून तेवढं ऐकून घ्या.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी एकतीस वर्षं समुद्री गोगलगायींवर काम केलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पुण्यात समुद्र नाही, हे मला या एकतीस वर्षांत प्रत्येक नातेवाइकाने एकेकदा तरी सांगितलं आहे, आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं असं वाटलं आहे. आमच्या खोलीत भिंतीवर रत्नागिरीच्या भरती-ओहोटीचं कोष्टक लावलेलं असायचं. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी लांबवर जाते, तेव्हा आम्ही जीप काढून घाट उतरायचो, दोन दिवस खडक उलथेपालथे करायचो आणि परत यायचो. उरलेला महिना मायक्रोस्कोप. सोसायटीतले लोक देवघरातला शंख घेऊन यायचे—खरा आहे का बघा हो. मी म्हणायचो, वाजतोय ना, मग झालं.

माझा अभ्यास एकाच कुळाचा. ट्रायफोरिडी असं त्याचं नाव. शंख जिऱ्याच्या दाण्याएवढे, तसेच निमुळते, आणि अंगभर मण्यांच्या ओळी. जगातल्या बहुतेक गोगलगायींचे शंख उजवीकडे वळतात, या कुळातले जवळपास सगळे डावीकडे. खडकांच्या खालच्या अंगाला जे स्पंज चिकटलेले असतात त्यांवर या राहतात, आणि स्पंजच खातात—लांब सोंड आत खुपसून. दिसायला सगळ्या सारख्या. कुठली प्रजाती ते ठरवायचं तर मण्यांच्या ओळी मोजायच्या आणि टोक बघायचं. टोक म्हणजे गोगलगायीचा अगदी पिल्लू असतानाचा शंख. पुढे ती कितीही वाढली तरी तो तिथेच राहतो, शेंड्यावर. टोक तुटलेलं असेल तर जाणता माणूस तो शंख बाजूला ठेवतो. त्याला नवं नाव देत नाही.

मी दिलं.

एका शंखावरून दिलं. पांढरा, किनाऱ्यावरच्या वाळूत सापडलेला, रिकामा. मण्यांच्या तीन ओळी हव्यात तिथे दोनच दिसत होत्या. टोक तुटलेलं होतं. ते मी लेखात एका वाक्यात लिहिलं आणि पुढच्या वाक्याला लागलो. लेख छापून आला. प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे नाव देणाऱ्याचं आडनाव लागतं, आणि ते कायमचं लागतं. तुम्ही हसाल—जिऱ्याएवढी एक गोगलगाय, तिच्यापुढे आडनाव, आणि त्याचं एवढं काय? पण एकतीस वर्षांत माझ्या नावावर ती एकच प्रजाती होती. इतरांनी पंधरा-वीस केल्या होत्या. मी समारंभांना जायचो तेव्हा ओळख करून देणारा माणूस तिचा उल्लेख करायचा, आणि मी खाली बघायचो, विनयाने.

आणि ती चूक निघाली तर? आमच्यात चूक खोडत नाहीत. चुकलेलं नाव जुन्या, खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात लिहितात—आडनावासकट. म्हणजे पुढे जो कोणी त्या कुळाचं काम करील तो तुमची चूक वाचल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात ती भीती असते.

आता सुमेधाबद्दल.

सुमेधा नागपूरहून माझ्याकडे पीएच.डी. करायला आली. वडील पोस्टात, आई शाळेत शिपाई. घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा ओहोटीला गेलो तेव्हा ती साडेचार तास वाकून होती आणि उठली तेव्हा तिला सरळ उभं राहता येईना. फार बोलायची नाही. बोलली की नागपूरचं बोलायची—‘सर, हे तर वेगळंच होऊन राहिलं.’ आमच्या संस्थेत त्यावर एक-दोघं हसायचे. मी हसलो नाही. एवढं एक माझ्या बाजूने लिहिता येईल असं मला वाटलं होतं, पण लिहिल्यावर बघतो तर तेही काही फार नाही.

तिचा हात चांगला होता. या कामात हात लागतो. चिमट्याने जिऱ्याएवढा शंख उचलायचा, कापसावर ठेवायचा, काचेच्या कुपीत सारायचा, आणि कुपीत चिठ्ठी घालायची. चिठ्ठी बाहेर चिकटवत नाहीत, आत घालतात, कारण बाहेरची पडते. शिसपेन्सिलीने लिहितात, कारण शाई पुसते. कुठे मिळाला, कधी, कुणाला, आणि वहीतला क्रमांक. चिठ्ठी नसेल तर शंख कचरा—कितीही दुर्मीळ असो. आणि चिठ्ठी चुकीची असेल तर त्याहून वाईट, कारण मग त्या माणसाच्या सगळ्याच कुप्यांवर शंका येते. नवीन विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हे मीच सांगायचो. तिलाही सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी तिने एक प्रयोग केला. मला विचारून केला, हेही सांगतो. जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या एका तपकिरी प्रजातीच्या जिवंत गोगलगायी तिने खडकाखालून आणल्या. प्राणी वेगळा काढून ठेवला आणि रिकामे शंख घेतले. एकवीस. प्रत्येकाचं माप वहीत लिहिलं, चित्र काढलं, कुठे खाच असेल तर तीही नोंदली. मग संस्थेच्या गच्चीवर एकवीस छोट्या डब्यांत वाळू आणि मिठाचं पाणी घालून त्यात एकेक शंख ठेवला. रोज सकाळी आली की आधी गच्चीवर जायची, प्रत्येक डबी शंभर वेळा हलवायची, झाकण काढून उन्हात ठेवायची आणि मग खाली येऊन बाकीचं काम. किनाऱ्यावर लाटा आणि ऊन मेलेल्या शंखाचं काय करतात ते तिला बघायचं होतं. मला वाटलं, करू दे. त्यातून काही निघेल असं वाटलं नव्हतं.

वर्षाने तिने मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. तपकिरी शंख पांढरे झाले होते. मण्यांची मधली ओळ घासून गेली होती. दोनच उरल्या होत्या. दोन-तीन शंखांची टोकं मोडली होती. शेजारी तिने कपाटातून काढून माझा शंख ठेवला होता—ज्यावर माझं नाव होतं तो. मी एका भिंगाखालून दुसऱ्याखाली बघत राहिलो. फरक नव्हता. मी ज्याला नवी प्रजाती म्हटलं ती जुनीच होती, उन्हात पडलेली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला लाज वाटत होती—माझ्यासाठी. मी ‘चांगलं काम आहे’ म्हणालो. खरंच म्हणालो, आणि आवाजही बरोबर लागला. आता याची कुप्यांत नीट मांडणी कर, दिवाळीआधी समितीसमोर ठेवू, असंही म्हणालो. त्या वेळी मनात काही होतं का? खूप आठवून पाहिलं. राग नव्हता. भीतीही अशी म्हणण्यासारखी नव्हती. घरी गेलो, जेवलो, झोप लागली.

दसऱ्याला ती नागपूरला गेली, आईबरोबर दीक्षाभूमीवर. दरवर्षी जायची. जाताना कुप्यांचा ट्रे माझ्या कपाटात ठेवून गेली, किल्ली माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी—उजेड भरपूर होता, खिडक्या उघड्या होत्या, खाली कुणी तरी स्कूटरला किक मारत होतं—मी ट्रे काढला. चिमटा घेतला. एका कुपीतली चिठ्ठी काढली आणि दुसरीत घातली. दुसरीतली तिसरीत. अशा नऊ. सगळ्या बदलायची गरज नव्हती, आणि सगळ्या बदलल्या असत्या तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसलं असतं. नऊ म्हणजे निष्काळजीपणा दिसतो. हा हिशेब मी केला. माझा हात थरथरला असं लिहावंसं वाटतं, पण थरथरला नाही. चिठ्ठ्या सरळ बसल्या. बुचं लावली, ट्रे ठेवला, हात धुतले आणि कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला.

सांगितलं. हे सांगायला अकरा वर्षं लागली. पण तुम्हाला वाटेल की झालं, हेच ते. नाही. यापेक्षा वाईट पुढे आहे.

समितीत आम्ही तिघं. मी मार्गदर्शक म्हणून, आणि बाहेरचे दोन प्राध्यापक. दोघंही पुण्यातलेच, दोघंही माझ्या चांगल्या ओळखीचे. सुमेधाने अर्धा तास सगळं सांगितलं. दोघंही माना डोलावत होते. एक तर माझ्याकडे बघून मिश्कील हसलाही—म्हणजे, तुमची प्रजाती गेली की हो. मग मीच म्हणालो, शिस्त म्हणून दोन-तीन कुप्या उघडून वहीशी ताडून बघूया का? मीच म्हणालो. कुणी सुचवलं नव्हतं.

पहिली कुपी जुळली. दुसरी जुळली नाही—कुपीत घालताना तिने पुन्हा माप घेतलं होतं, ती लांबी वहीत एक, भिंगाखाली दुसरी. तिसरीत खाच असायला हवी होती, नव्हती. मग सगळ्याच उघडल्या. तो मिश्कील हसणारा प्राध्यापक चष्मा काढून म्हणाला, ‘नागपूरला चिठ्ठ्या वाचायला शिकवतात की नुसत्या लिहायलाच?’ दुसरा हसला नाही, वही चाळत राहिला.

सुमेधा म्हणाली, ‘सर, मी स्वतः घातल्या होत्या. एकेक करून.’ मग ट्रेकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, ‘चुकली असंल मी.’

त्यांना ते पटायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आणि ते पटेल हे मला आधीपासून माहीत होतं. इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही. माझी दुसरी विद्यार्थिनी होती, प्रभात रोडवरची, वडील डॉक्टर. तिच्या कुप्या अशा निघाल्या असत्या तर त्या दोघांनी काय विचारलं असतं? विचारलं असतं—ट्रे कुठे होता, किल्ली कुणाकडे होती. पाहुण्याला विचारावं तसं नीट विचारलं असतं. सुमेधाला कुणी विचारलं नाही. तिचं आडनाव, तिचं गाव, तिची भाषा, ती कुठल्या यादीतून आली ते—हे सगळं त्या खोलीत तिच्या आधी येऊन बसलं होतं. मी आयुष्यात कधी कुणाला जातीवरून वावगं बोललो नाही. आमच्या घरात ते चालत नाही. पण चिठ्ठ्या बदलताना मी त्याच्याच भरवशावर होतो. तिच्याबद्दल वाईट मानायला हे लोक तयार बसले आहेत हे मला ठाऊक होतं, आणि मी ते वापरलं. चिठ्ठ्यांपेक्षा मला हे सांगायला जड जात होतं.

त्यानंतरचं पटापट सांगतो. समितीने विषय बदलायला सांगितला. प्रयोग पुन्हा करायचा तर आणखी एक वर्ष, आणि तिच्या फेलोशिपची मुदत संपत आली होती. मी शब्द टाकला असता तर मुदत वाढली असती. टाकला नाही. ती दोन महिने आली, नवीन नमुने उचलायची आणि प्रत्येक चिठ्ठी तीन-तीनदा वाचायची, आणि तरी मला दाखवायला आणायची—‘सर, बरोबर आहे ना?’ बरोबर असायची. मग एक दिवस तिने राजीनाम्याचं पत्र आणलं. मी सही केली. वर ‘विचार करून घेतला आहेस ना’ असंही विचारलं.

ती पुण्यातच, खराडीला, एका कंपनीत लागली. लग्न झालं, मुलगी झाली. दर गुरुपौर्णिमेला मला मेसेज यायचा. मी हात जोडलेलं चित्र पाठवायचो.

आणि मागच्या वर्षी बाहेरच्या देशातल्या दोघांनी त्या कुळावर मोठा लेख लिहिला. जिवंत गोगलगायी, डीएनए, सगळं. माझी प्रजाती त्यांनी एका ओळीत काढून टाकली. ज्या जुन्या प्रजातीचं नाव सुमेधाने सांगितलं होतं त्याच नावाखाली, बारीक अक्षरात, माझ्या आडनावासकट. मी ती ओळ वाचली. ज्याच्यासाठी मी ते सगळं केलं ते गेलं, आणि मला काहीही वाटलं नाही. दात काढताना सुई दिलेली असते आणि नुसता ओढल्याचा आवाज येतो, तसं. कुणाचा फोन आला नाही. संस्थेतही कुणाच्या लक्षात आलं नसावं.

सुमेधाच्या लक्षात आलं.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ती घरी आली. आधी फोन करून, पेढे घेऊन. बायकोने पोहे केले. सुमेधा आता जरा भरली आहे, बोलण्यातलं नागपूर बरंचसं गेलं आहे, कंपनीत तिच्या हाताखाली आठ माणसं आहेत. बायको आत गेली तेव्हा तिने पर्समधून त्या लेखाची प्रत काढली. अजूनही त्या कुळाचं जे छापून येईल ते वाचते म्हणाली. सवय जात नाही. ती ओळ तिने पेन्सिलीने अधोरेखित केली होती, अगदी फिकट, मला वाईट वाटू नये अशी.

मग तिने स्वतःबद्दल सांगितलं, हसत हसत. की तिचा स्वतःवर विश्वास नाही. गॅस बंद केलेला नवऱ्याला बघायला लावते. मुलीला ताप आला तर औषध स्वतः मोजत नाही, मोजलं तरी देत नाही, शेजारच्या काकूंना बोलावते. ऑफिसात तिने तपासलेलं काम ती दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घेते, आणि लोकांना वाटतं केवढी शिस्त. ‘तेव्हा एवढी खात्री होती ना सर, की मीच घातल्या. डोळ्यांसमोर होतं. आणि तरी चुकल्या. मग म्हटलं, आपल्या खात्रीला काही अर्थ नाही.’

मी पोहे खात होतो.

‘एक विचारायचं होतं,’ ती म्हणाली. ‘म्हणजे उत्तर तर माझं बरोबरच होतं. चिठ्ठ्या चुकवून ठेवल्या आणि तरी बरोबर आलं. म्हणजे मी आपली चुकूनच बरोबर आली होती, नाही का?’

‘आले’च्या जागी नागपूरचं जुनं ‘आली’ तेवढं एकदा आलं तिच्या तोंडून. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाईट वाटत नव्हतं. तिला फक्त हे एकदा कुणाकडून तरी पक्कं करून घ्यायचं होतं, आणि त्या दिवसाचं माहीत असलेला माणूस म्हणजे मी. आत बायको चहा गाळत होती, म्हणजे अजून मिनिटभर तरी आम्ही दोघंच होतो. नाव गेलेलं होतं, नोकरी संपलेली होती. खरं सांगून माझं काहीही जाणार नव्हतं.

मी म्हणालो, ‘होतं असं कधी कधी.’

तिने मान हलवली. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मुलीच्या शाळेबद्दल बोलायला लागली. चहा झाला. मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. ती वाकून नमस्कार करायला लागली आणि मी तो करू दिला.

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी हे तुम्हाला सांगितलं आहे, तिला नाही.